चावरे पिल्लू

(मंडळाच्या हळदीकुंकू मेळाव्यात केलेले भाषण)



मला बोलायला उभे केले आहे खरे. पण माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि चारचौघींत उभे राहून बोलायची ही पहिलीच खेप. मागच्या मेळाव्यात आपल्यातल्या एकीने बचतीवर किती छान सांगितले! तिच्याजवळ आकडे होते, कागद होते. माझ्याजवळ काय आहे? हे पहा, मनगटापासून कोपरापर्यंत हे ओरखडे. आता पुसट झालेत, पण उजेडात धरले तर दिसतात. चिटणीसबाईंनी विचारले, "कशावर बोलणार?" मी म्हटले, "यंदा मी एकच गोष्ट नवी शिकले. मांजरीच्या पिल्लाची चावायची सवय कशी सोडवायची, ती." त्या हसल्या. तुम्हीही हसता आहात. हसा. आमच्या घरीही आधी सगळे हसतच होते, आणि बिघडले ते तिथेच.

आषाढी एकादशीचा दिवस होता. मी साबुदाणा परतत होते. धाकटा क्लासवरून भिजून आला, तो शर्टाच्या आत काहीतरी धरून. "आई, रागावू नकोस," म्हणाला. म्हणजे रागावण्यासारखेच काहीतरी असणार, हे मी ओळखले. लाकडाच्या वखारीमागे एकटेच ओरडत होते म्हणे. माझ्या तळहातावर मावेल एवढे पिल्लू, डोळे निळसर, पोट पाठीला लागलेले. पाचेक आठवड्यांचे असावे, हे मला आता कळते. तेव्हा 'लहान आहे' एवढेच कळले.

तिची आई खरोखरच नव्हती, की पोटासाठी कुठे गेली होती, हे आम्ही कुणी पाहिले नाही. मांजर पिल्लांना सात घरे हिंडवते, असे आपण म्हणतो. ती एकेक पिल्लू मानेला धरून नेते, तेव्हा बाकीची मागे राहतातच. ओरडते म्हणून ते टाकलेले, असे नव्हे. दोन-तीन तास लांबून नजर ठेवायला हवी होती. पण पावसात भिजणाऱ्या जिवाकडे पाहून एवढा विचार कोण करतो?

मी बशीत गाईचे दूध ठेवले. दुसऱ्या दिवशी पिल्लाला हगवण. मांजर म्हटले की दूध, हे आपल्या डोक्यात पक्के; पण गाईचे दूध पुष्कळ मांजरांना पचत नाही, आणि पिल्लांचे तर त्याने हाल होतात. आमच्या घरात मांसमच्छर शिजत नाही. शेवटी सासूबाईंनीच निकाल दिला, "तिचा धर्म तिला. परसदारी वेगळी ताटली ठेव." तेव्हापासून कोळणीकडून पिल्लापुरती मासळी येते आणि परसातल्या चुलीवर शिजते. नावही सासूबाईंनीच ठेवले, ठकी.

पहिले पंधरा दिवस गंमतच गंमत. धाकटा पालथा पडून हाताची बोटे जमिनीवर कोळ्यासारखी नाचवायचा. की हे एवढेसे पिल्लू शेपटी फुगवून, पाठीची कमान करून, तिरक्या उड्या मारीत त्या बोटांवर तुटून पडायचे. पुढच्या पायांनी मिठी, मागच्या पायांनी लाथा, आणि अंगठ्याला दात. दात कसले, तांदळाची कणीच ती! लागायचे नाहीत, गुदगुल्या व्हायच्या. "वाघाची मावशी आली" म्हणून आम्ही टाळ्या पिटायचो. आमचे हे तसे गंभीर. पण तेसुद्धा वर्तमानपत्राच्या आडून पायाचा अंगठा हलवायचे. मीही काही कमी नव्हते. निवडायला घेतलेल्या मेथीची काडी तिच्यापुढे नाचवायची, ती झडप घालून काडीबरोबर माझे बोटही धरायची, आणि मी 'गुलाम कुठली' म्हणून तिचा मुका घ्यायची.

श्रावण सरता सरता त्या कणीच्या सुया झाल्या. पहाटे अंगणात रांगोळी घालायला वाकले, की पोटरीला मागून चावा. पोळ्या लाटताना पदराला लोंबकळणे. बांगड्या वाजल्या, की मनगटावर उडी. गौरींच्या साड्यांच्या निऱ्या तिने दोनदा सोडवल्या, आणि पाहुण्यांच्या छोट्या मुलीला असे ओरबाडले की तिच्या आईचे तोंड मला अजून आठवते. रात्री गोधडीखाली कुणाचा पाय हलायची खोटी, ही वरून आदळलीच. आम्ही चौघे माणसे घरात पाय जपून, अंग चोरून चालायला लागलो.

मग उपाय सुरू झाले. सल्ल्याला काय तोटा? एकीने सांगितले, नाकावर टिचकी मार. मारली, ती दोन पावले मागे सरली आणि दुप्पट जोराने अंगावर आली. एकीने सांगितले, तोंडावर पाणी शिंपड. शिंपडले, तर मी तांब्या हातात घेतला की ती पळू लागली, आणि तांब्या ठेवला की पुन्हा चावू लागली. म्हणजे ती काय शिकली? तांब्याला भ्यायला. मोरीत कोंडले, तर अर्धा तास ओरडून बाहेर आली ती पिसाळल्यासारखीच. एक बाई तर म्हणाल्या, मिशा काप, जोर उतरतो. हे मात्र मी केले नाही, आणि तुम्हीही कधी करू नका. अंधारात वाट चाचपायला मांजराला मिशाच उपयोगी पडतात.

एवढे करून फळ काय? पूर्वी ती समोरून चावायची, आता मागून चावू लागली. मी जवळ गेले की कान पाडायची. माझ्याच हातांनी वाढवलेले पिल्लू मला भ्यायला लागले, आणि तरी चावणे काही कमी झाले नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. सासूबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर. साखरेचा विकार जुना, हातांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. रोज दिवेलागणीला त्या खाटेवर बसतात आणि गोमुखीत हात घालून जप करतात. तुम्हांला ठाऊकच आहे, गोमुखीत माळ फिरत असली की बाहेरून काय दिसते? कापडाच्या आत काहीतरी हळूहळू हलते आहे. आपल्याला तो जप, पण पिल्लाला? पिल्लाला ते बिळातले उंदीर.

गौरी-गणपती पोहोचवून आलो, त्याच संध्याकाळी ठकीने गोमुखीवर उडी घेतली. कापडातून दात थेट हाताच्या पाठीत. सासूबाईंनी हिसका दिला, तशी तिने आणखी घट्ट धरले. आम्ही सगळे अंगणात होतो. आणि सासूबाईंनी काय करावे? जखमेत हळद भरली, हात पदराआड घेतला, आणि कुणाला काही म्हणून सांगितले नाही. पिल्लाला घालवून देतील, ही भीती!

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना चहाची कपबशी उचलवेना, तेव्हा मी पदर बाजूला केला. हात पुरीसारखा फुगलेला, लाल, गरम. मध्ये दोन बारीक भोके, टाचणीने टोचावे तशी. मैत्रिणींनो, माझे पाय लटपटले. ज्या घरात मी पंचवीस वर्षे नांदले, त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला माझ्या लाडाचे फळ भोगायला लागले.

तडक सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी ज्या गोष्टी सांगितल्या, त्या आपल्या प्रत्येकीला माहीत हव्यात, म्हणून सांगते. मांजराचा दात बारीक आणि अणकुचीदार. भोक लहान दिसते, पण घाण खोल जाते आणि वरची कातडी मिटून आत पू धरतो. कुत्र्याचा चावा दिसायला भयंकर, मांजराचा दिसत नाही म्हणून फसवतो. साखरेच्या माणसाला तर अधिकच जपावे. चावल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे जखम धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, काही भरायचे नाही. आणि त्याच दिवशी दवाखाना. कारण पिसाळणे हा रोग कुत्र्याचाच नव्हे, मांजराकडूनही येतो; एकदा तो उमटला की माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल, पण इंजेक्शने वेळेवर घेतली तर तो होत नाही. सासूबाईंना जखमेभोवती औषध टोचले. लसीचे पहिले इंजेक्शन त्याच दिवशी, आणि पुढची तीन, सात व अठ्ठावीस दिवसांनी. शिवाय पू जिरायच्या गोळ्या.

शेवटी डॉक्टरांनी विचारले, "मांजर घरातलंच आहे ना? मग तिला कुठे सोडू नका. चावल्यापासून दहा दिवस नजरेसमोर ठेवा. आजारी पडली, वेडंवाकडं वागली, मेली, तर लगेच येऊन सांगा."

घरी आल्यावर हे एकच वाक्य बोलले, "दहा दिवस म्हणतात तर दहा दिवस. ते सरले की येत्या रविवारी मी स्वतः तिला पोत्यात घालून नदीपलीकडच्या बाजारात सोडून येईन." मी काही म्हटले नाही. त्यांच्या आईचा हात होता तो. त्यांचे काय चुकले? आणि हे काही त्यांनी नवे काढलेले नव्हे. मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, असे आपली जुनी माणसे सांगत. म्हणून आपण मारीत नाही, सोडून येतो. मी नऊ-दहा वर्षांची असताना मामाबरोबर असेच एक पोते सायकलवर धरून गेले आहे. दोन पिल्ले होती. वाटभर ती आतून माझ्या मांडीला पंजे लावीत होती, आणि मासळीबाजाराच्या कोपऱ्याशी पोते उघडल्यावर ती बाहेरच येईनात. मामाने पोते झटकले. पुढे त्यांचे काय झाले असेल, ते मी कुणाला विचारले नाही आणि कुणी मला सांगितले नाही. या गोष्टीला पस्तीस वर्षे झाली. मांडीवरचा तो स्पर्श काही जात नाही.

दोन दिवस तर सासूबाईंनी हात लपवण्यातच गेले होते. उरले आठ. दुसऱ्याच दिवशी झाकणाच्या टोपलीत ठकीला घालून मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथे म्हशी, शेळ्या, एक पाय मोडलेला बैल, आणि त्या रांगेत टोपली घेऊन मी! लोक बघत होते. पाहणारी डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची. तिने ठकीचे तोंड उघडून दात पाहिले, वय विचारले, आणि म्हणाली, "काकू, हिच्याशी कोण कशानं खेळतं?"

"हातानं," मी म्हटले.

"मग हात म्हणजे उंदीर नव्हे, हे तिला कुणी सांगायचं?"

मी गप्पच झाले. तिने मग समजावून सांगितले. भावंडांत वाढणारे पिल्लू महिन्याचे झाले की भावंडांशी कुस्ती खेळू लागते. एकाने दुसऱ्याला जोराने चावले, की तो कळवळतो आणि खेळ सोडून निघून जातो. नाहीतर उलटा तसाच चावतो. आईच्या अंगाशी फार दांडगाई केली, तर ती पंजाने दाबते किंवा उठून जाते. खेळ थांबतो, ही त्यांची शिक्षा. असे दिवसांतून पन्नास वेळा होते, तेव्हा कुठे पिल्लाला आपल्या दातांचा जोर कळतो. म्हणून पिल्लू निदान आठ आठवडे आईजवळ हवे, आणि बारा राहिले तर फारच उत्तम. आमची ठकी पाचव्या आठवड्यात आली. तिची शाळा सुटली ती बिगरीतच!

मी म्हटले, "आमच्यात म्हण आहे, मांजरीचे दात पिलाला लागत नाहीत." ती हसली आणि म्हणाली, "खरी आहे. पण मांजर ते आईच्या पोटातून शिकून येत नाही, काकू. ती पिल्लू असताना तिला कुणीतरी शिकवलेलं असतं."

ही म्हण मी जन्मभर ऐकत आले. आईची माया म्हणून ऐकली. तिच्यामागे एवढा अभ्यास असेल, हे कधी मनात आले नव्हते.

घरी येऊन मी सर्वांना बसवले आणि सांगितले, आजपासून हाता-पायाने कुणी खेळायचे नाही. बोट नाही, अंगठा नाही, गोधडीखालून गंमत नाही. एकाने पाळले आणि एकाने मोडले तर काहीच उपयोग नाही. कारण पिल्लाला 'दादाचा हात चावायचा, आजीचा नाही' हा भेद कसा कळावा? धाकट्याने ऐकले. खरे सांगते, ऐकले नाही ते मोठ्या माणसाने. चौथ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर वर्तमानपत्राआड अंगठा हलतो आहे! जिला रविवारी पोत्यात घालायची, तिच्याशी हे बुधवारी खेळत होते. मी नुसती उभी राहिले. अंगठा थांबला.

चावली तर काय करायचे, हे शिकायला मला सर्वांत कठीण गेले. दात लागताच आपण हात मागे ओढतो. तेच चुकते. पळते ते भक्ष्य, हे तिच्या रक्तात आहे; ओढलेला हात ती अधिकच घट्ट धरते, आणि ओरखडा लांब होतो. तेव्हा हात जागच्या जागी मेल्यासारखा सैल सोडायचा, जमल्यास किंचित तिच्याच दिशेने पुढे करायचा. ती गोंधळते, तोंड उघडते. मग हात काढून, न बोलता, न रागावता उठायचे आणि दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावायचे. मिनिटभर, फार तर दोन. किंचाळायचेही नाही, काही पिल्लांना त्याने अधिकच चेव येतो. तिला एवढेच कळले पाहिजे, की दात लागले आणि खेळ संपला. पहिल्या दिवशी मी सतरा वेळा दार लावले. भाजी करपली.

पण नुसते 'नको नको' म्हणून भागत नाही. मांजराचा जन्मच शिकारीचा. पहाटे आणि तिन्हीसांजेला उंदीर बाहेर निघतात, त्याच वेळी तिच्याही अंगात वारे भरते. रांगोळीच्या वेळी आणि जपाच्या वेळीच ती का चावायची, याचा उलगडा मला तेव्हा झाला. दिवसभर घरात कोंडलेला तो जोर कुठेतरी निघणारच. त्याला वाट करून द्यायला हवी.

म्हणून मी पडद्याची मोडकी काठी घेतली, तिला जुन्या परकराची नाडी बांधली, आणि नाडीच्या टोकाला फडक्याची गाठ. हाच तिचा उंदीर. खेळवण्याची रीत आहे बरे का! गाठ तिच्या तोंडासमोर नाचवायची नाही. कुठला उंदीर आपण होऊन मांजराच्या तोंडात येतो? गाठ तिच्यापासून लांब, भिंतीच्या कडेने सरपटत न्यायची, दाराआड लपवायची, थांबवायची, मग जराशी हलवायची. ती दबा धरते, मागचा भाग हलवते, आणि झेप! चार-पाच वेळा तिला धरू द्यायचे. नुसते पळवून दमवले आणि हाती काहीच लागू दिले नाही, तर ती चिडते आणि उरलेला राग आपल्या पायावर काढते. दहा मिनिटांत धाप लागली, की गाठ हळूहळू मेल्यासारखी करायची आणि लगेच तिची ताटली पुढे ठेवायची. शिकार, जेवण, अंग चाटणे, झोप. हा क्रम तिला कुणी शिकवावा लागत नाही. घड्याळ लावून पाहा.

एक मात्र जपा. खेळ झाला की नाडी उंच फळीवर टाकायची. मांजराच्या जिभेवर घशाच्या बाजूला वळलेले काटे असतात. दोरा एकदा जिभेवर चढला की तिला तो बाहेर टाकता येत नाही, गिळावाच लागतो. आतडी त्यात गोळा होऊन मांजर दगावते. शिवणाचा दोरा, हाराचा दोरा, राखीचा रेशमी धागा, सगळे आवरून ठेवा. कुस्तीची फारच हौस आली, तर धाकट्याच्या जुन्या पायमोज्यात चिंध्या भरून केलेले बोचके मी तिच्यापुढे टाकते. त्याला मिठी मारून ती हव्या तेवढ्या लाथा झाडते.

आणि तिच्या शेपटीकडे पाहायला शिका. कुत्र्याची शेपूट हलली तर तो खूश. मांजराची शेपटी आपटू लागली तर ते कंटाळले. कुरवाळताना शेपटीचे टोक झटकले, पाठीची कातडी थरथरली, कान मागे गेले, बुबुळे काळीभोर मोठी झाली, की हात काढून घ्यायचा. आपण म्हणतो, काही कारण नसताना चावली. ती बिचारी चार वेळा सांगून मग चावते. पोट वर करून लोळली म्हणजे पोटावर हात फिरव असे म्हणत नाही. तुमचा विश्वास वाटतो एवढेच म्हणते.

हे सगळे ऐकून सोपे वाटते. तसे ते झाले नाही. तीन दिवस सुधारणा दिसली, आणि शनिवारी दुपारी, म्हणजे पोत्याच्या आदल्या दिवशी, मी गव्हाचे पीठ चाळत असताना तिने पोटरीचा असा लचका धरला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी सैल राहायचे विसरले, दार लावायचे विसरले. चाळणीच फेकून मारली. ती कोठीच्या मागे जाऊन बसली, आणि मी पिठात बसून रडले. पोटरी साबणाने धुऊन दवाखान्यात जाऊन आले, माझाही इंजेक्शनांचा हिशेब सुरू झाला. एवढे करूनही उद्या ती जाणारच, असे मनाने घेतले. हट्टी सवय सुटण्यापूर्वी एकदा उसळी मारते, हे मला डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितले. मुलाचे अंगावरचे दूध तोडताना आपण नाही का पाहत?

कोठीमागून तिला बाहेर कुणी काढले? सासूबाईंनी. उजवा हात पट्टीत. डाव्या हाताने काठी घेऊन त्या जमिनीवर बसल्या आणि गाठ हळूहळू ओढू लागल्या. अर्धा तास लागला. आधी मिशा दिसल्या, मग एक पंजा.

रविवार उजाडला. ठकी ठणठणीत होती. दहा दिवसांची भीती टळली होती. सासूबाईंची सूज उतरली होती, दोन काळे ठिपके उरले होते. मी पहाटे काठीचा खेळ केला, ताटली दिली, ती जेवून अंग चाटून सुपात झोपली. यांनी माळ्यावरून पोते काढून दारात ठेवले आणि अंघोळीला गेले. सासूबाईंनी ते पोते उचलले, घडी घातली, खाटेवर अंथरले, त्याच्यावर बसल्या आणि गोमुखीत हात घातला. पट्टीच्याच हाताने. सकाळी त्या कधी जप करीत नाहीत. हे बाहेर आले, पाहिले. "आई, पोतं दे," म्हणाले. सासूबाईंचे ओठ हलतच होते. जप मोडायचा नसतो. आत गोमुखी हलत होती. सुपातल्या ठकीने एक डोळा उघडला, गोमुखीकडे पाहिले, जांभई दिली आणि पंजात तोंड खुपसून पुन्हा झोपली.

हे पाच मिनिटे उभे होते. मग म्हणाले, "चहा टाक." पोत्याचे नाव पुन्हा निघाले नाही.

पुढच्याच आठवड्यात तिला पिसाळण्याची लस टोचून घेतली. ती तीन महिन्यांची झाल्यावर टोचतात, आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा. मी ती आधीच टोचायला हवी होती, असे मात्र नाही. तिचे वयच तेव्हा भरत होते. नखांची नुसती टोके कापायलाही शिकले. आतली गुलाबी शीर सोडून. जपाची वेळ आम्ही अर्ध्या तासाने पुढे नेली. आधी ठकीचा खेळ आणि जेवण, मग देवाचे नाव. सासूबाई म्हणतात, देवाला घाई नसते.

ती साधुसंत झाली असे समजू नका. चौथ्या महिन्यात दुधाचे दात पडून नवे येऊ लागले. दुधाचे सव्वीस, पक्के तीस. सहाव्या महिन्यापर्यंत हे चालते. तेव्हा हिरड्या शिवशिवत, आणि तिने खुर्चीचा पाय, माझी चप्पल, धाकट्याच्या पुस्तकाचा कोपरा, सगळे चघळले. गोधडी झटकताना एक दात मला सापडला, तांदळाच्या कणीएवढाच. तो मी कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवला आहे. सहाव्या महिन्यात तिचे ऑपरेशन करून घेतले. अजूनही कधी खेळात तिचे तोंड माझ्या बोटाला लागते. पण दात टेकतात आणि तिथेच थांबतात. मी हात सैल सोडते, ती सोडते, आणि जिभेने बोट चाटते. सँडपेपरच तो!

आता शेवटचे, आणि हे आपल्या सर्वांच्या कामाचे. या खोलीमागे जिन्याखाली एक मांजर व्यालेली आहे. तीन पिल्ले आहेत, डोळे नुकतेच उघडलेत. मघाशी तुमच्यातल्या दोघींनी एकेक पिल्लू आजच नेण्याची गोष्ट काढली, ती माझ्या कानावर आली आहे. होळी होईपर्यंत कुणी उचलू नका. पाडवा उलटू दिलात तर अधिक चांगले. त्या मांजरीला रोज मासळीचा चारा मी आणून घालीन. घरात दिवसभर कुणी नसते, त्यांनी शक्यतो दोन पिल्ले जोडीने न्यावीत. ती एकमेकांनाच शिकवतील. आणि या पिशवीत मी तीन काठ्या करून आणल्या आहेत, नाडी-गाठीसकट. ज्यांना हव्या त्यांनी वाण म्हणून घेऊन जा.